परवाना शिकाऱ्याचा नको, प्रसंगाचा हवा

मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार तालुक्यातले एक प्रकरण राज्यभर गाजले. शेतात हरणांसाठी जाळी लावायला विरोध केला म्हणून एका शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला बेदम मारहाण झाल्याची तक्रार पुढे आली. वनविभागाने घेतलेल्या झडतीत शिकारीचे साहित्य आणि वाळवलेले मांस सापडल्याचे सांगण्यात आले, संशयिताला परराज्यातून पकडून आणले गेले आणि वनजमिनीवरचे त्याचे घर पाडण्यात आले. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. चर्चा मात्र आरोपी कोणत्या नेत्याच्या गोटातला, याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिली आणि ज्या कारणावरून हे पेटल्याची तक्रार होती, ते कारण मागे पडले. हरणांची शिकार माझ्या रानात करू नका, असे म्हणणारा माणूस त्या तक्रारीप्रमाणे शेतकरीच होता. ज्याच्या पिकात हरणांचे कळप घुसतात त्यानेच हरणांची बाजू घेतली होती. ‘शेतकऱ्याला शिकारीचा परवाना द्या’ ही मागणी करणाऱ्यांनी आणि ‘शेतकरी म्हणजे वन्यप्राण्यांचा वैरी’ असे समजणाऱ्यांनी, दोघांनीही ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

कारण मागणी खरी आहे आणि तिच्यामागचा त्रासही खरा आहे. सोयाबीन आणि तूर उगवून वर आली की कोवळे शेंडे हरणे खुडून नेतात, रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा तुडवतो, गोदाकाठच्या उसात मुक्काम ठोकलेली रानडुकरे शेजारच्या भुईमुगाचे वाफे उकरून टाकतात. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात आणि गेवराई-माजलगावच्या सपाटीवर राखणीसाठी रात्रभर जागणे हा शेतीच्या कामाचाच भाग झाला आहे. अशा वेळी ‘पूर्वीसारखे परवाने सुरू करा’, ‘जी जनावरे संरक्षित नाहीत ती तरी मारू द्या’, ‘जखमी होऊन पडलेले जनावर उचलले तर गुन्हा कसला?’ असे प्रश्न निघणे साहजिक आहे. या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लागू पडते, असे मला वाटते. शिकारीचा परवाना माणसाच्या नावाने देण्याची पद्धत परत आणू नये. परवानगी द्यायची ती विशिष्ट जनावर, विशिष्ट ठिकाण आणि विशिष्ट कारण यांना बांधूनच द्यावी. आजचा कायदा नेमके हेच सांगतो. तो बीडच्या बांधापर्यंत पोहोचत नाही ही अडचण आहे, आणि दुरुस्ती तिथेच करायला हवी.

आधी कायदा काय आहे ते पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला तेव्हा शिकारीवर सरसकट बंदी नव्हती. पहिल्या अनुसूचीतील प्राणी सोडले तर बाकीच्यांची शिकार परवाना काढून करता येत असे. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत पकडणे असे परवान्यांचे प्रकार होते. बंद हंगाम होता, परवानाधारकाने नोंदी ठेवण्याची अट होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही सगळी कलमे काढून टाकली आणि कलम ९ नुसार अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीला पूर्ण मनाई केली. शिकार या शब्दात कायद्याने गोळी घालण्यापुरताच अर्थ ठेवलेला नाही. फास लावणे, जाळ्यात धरणे, विष घालणे, हाकारा करणे, आमिष ठेवणे, जखमी करणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच मोडते. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची फेरमांडणी झाली. काळवीट, चिंकारा, मोर, लांडगा, बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत; रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत. कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे यांना उपद्रवी ठरवणारी जुनी पाचवी अनुसूची मुळातूनच गेली. म्हणजे बीडच्या शेतकऱ्याला ज्यांचा त्रास होतो त्या मोठ्या जनावरांपैकी एकही आज असंरक्षित नाही. ‘रानडुक्कर मारायला कुणाची परवानगी कशाला?’ हा पारावर ऐकू येणारा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसे गुन्ह्यात अडकतात.

परंतु मनाईबरोबरच कायद्याने एक दारही ठेवले आहे, ते कलम ११ चे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी अथवा आजारी असेल, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे नोंदवून त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. मात्र त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री आधी करावी लागते. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत अट आणखी सैल आहे. तिथे जिवाबरोबर मालमत्तेचे, म्हणजे उभ्या पिकाचेही नुकसान धरले जाते आणि परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाखेरीज प्राधिकृत अधिकाऱ्यालाही असतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारले गेले तर तो गुन्हा ठरत नाही, फक्त त्या वेळी मारणारा स्वतःच काही बेकायदा काम करत नसावा. आणि असे मेलेले किंवा जखमी झालेले जनावर सरकारची मालमत्ता होते. जुन्या परवान्यात आणि या परवानगीत मूलभूत फरक आहे. जुना परवाना शिकाऱ्याच्या खिशात असे आणि जनावर कोणते मारायचे हे तो ठरवी. आता आधी जनावर आणि त्याचा अपराध ठरतो, मारणाऱ्याचा विचार त्यानंतर होतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हे बीडनेच २०२० साली पाहिले. त्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत आठवडाभरात तीन बळी गेले. गावे संध्याकाळी दारे लावून घेऊ लागली, कापूस वेचायला मजूर मिळेनात. वनविभागाने पिंजरे लावले, पथके आणली, ते जमले नाही तेव्हा बेशुद्ध करण्याची आणि शेवटचा उपाय म्हणून ठार मारण्याची परवानगी दिली गेली. तोवर बिबट्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात पोहोचला होता आणि तिथेही माणसे मारली गेली होती. १८ डिसेंबर २०२० रोजी अकलूजचे धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो मेला. कायदा जनावराला माणसापेक्षा मोठा मानतो, या आरोपाला हे प्रकरण पुरेसे उत्तर आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी, खासगी नेमबाज आणि तरीही कृती पूर्णपणे कायद्याच्या चौकटीत. उलट बाजूने यवतमाळच्या पांढरकवड्यातील ‘अवनी’ वाघिणीचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने परवानगीत हस्तक्षेप करायला नकार दिला होता. पण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती ज्या रीतीने मारली गेली, त्यात कार्यपद्धतीचा भंग झाल्याचे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने म्हटले. परवानगी योग्य असूनही अंमलबजावणी चुकू शकते, आणि चूक शोधता येते ती परवानगीवर अटी लिहिलेल्या असतात म्हणून. खुल्या परवान्यात भंग व्हायला अटच नसते.

आता पिकांकडे येऊ. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ च्या निर्णयाने पिकाचे नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीपर्यंत खाली आणली. शेतकऱ्याने अर्ज करायचा, अधिकाऱ्याने चोवीस तासांत निर्णय घ्यायचा आणि निर्णय आला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे, अशी ती रचना. कागदावर याहून उदार व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण अर्ज मंजूर झाल्यावर पुढे काय? कोरडवाहू शेतकऱ्याकडे बंदूक नसते. बंदूक असलेला माणूस रानडुकरावर अंधारात गोळी झाडण्याइतका तयार नसतो. गोळी लागून जनावर उसात किंवा वनजमिनीत शिरले तर त्याचा माग कोण काढणार, हे ठरलेले नसते. मेलेल्या जनावराचा पंचनामा आणि विल्हेवाट यांसाठी वनरक्षकाची वाट पाहावी लागते, आणि त्याच्या वाट्याला अनेक गावे असतात. त्यातच मानीव परवानगीची तरतूद वरवर शेतकऱ्याच्या सोयीची वाटली तरी तिच्यामुळे अधिकारी निर्णयाच्या जबाबदारीतून सुटतो. त्याने नुकसान पाहिले का, जनावर ओळखले का, मारणारा कोण हे विचारले का, याची नोंदच राहत नाही. मग हातात उरते ती जुनी बेकायदा हत्यारे. तारेत सोडलेला वीजप्रवाह, गूळ-पिठात दडवलेला गावठी बॉम्ब, विष घातलेले खाद्य. यांपैकी एकही रानडुक्कर आणि मोर यांत फरक करत नाही, आणि तारेतला करंट तर पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही ओळखत नाही.

बंदुकीच्या मुद्द्यावर बीडमध्ये अधिक सावध राहायला हवे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, तेव्हा ‘शेतकऱ्यांना बंदुका द्या’ ही मागणी कायद्याच्या दृष्टीने अनाठायी नाही. पण ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले, हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती फिरल्या आणि प्रशासनाला परवान्यांची छाननी करून अनेक परवाने रद्द करावे लागले. स्वसंरक्षणाच्या नावाने दिलेली शस्त्रे मिरवण्यासाठी आणि धाक दाखवण्यासाठी वापरली जाऊ शकतात, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. तिथे शिकारीच्या नावाने आणखी बंदुका वाटल्या तर त्या तुरीच्या बांधावर किती काळ राहतील आणि गावच्या निवडणुकीत कधी दिसतील, हा प्रश्न कुणालाही पडेल. शिकारीचा परवाना कागदावर सर्वांसाठी असला तरी प्रत्यक्षात तो ज्याच्याकडे गाडी, बंदूक आणि ओळखी आहेत त्याच्या पदरात पडतो. शिरूर कासारची तक्रार हेच सांगते: शिकारीचे जाळे दुसऱ्याच्या रानात लागते आणि रानाच्या मालकाला विरोध करण्याचीही सोय राहत नाही.

काळविटाचा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण बीडमध्ये तक्रारींचा मोठा भाग त्याच्याविषयी आहे आणि कलम ११ मधील पिकांचे दार त्याला लागू नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याने कितीही पीक खाल्ले तरी त्या कारणाने त्याला मारता येत नाही. हे अन्यायाचे वाटू शकते. पण दख्खनच्या माळरानाचा इतिहास समोर ठेवला तर या कडकपणाचे कारण कळते. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी आणि अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटासाठी अभयारण्य करावे लागले, इतकी ही जनावरे घटली होती. परवान्यांच्या काळातली शिकार, चोरटी शिकार आणि माळांची नांगरट यांनी ती वेळ आणली. काळवीट सावरले, माळढोक सावरला नाही. सावरलेल्या काळविटाला आता शेताखेरीज जागा उरलेली नाही, कारण माळ ‘पडीक’ म्हणून संपवला गेला आणि बीडमध्ये वनक्षेत्र मुळातच नाममात्र आहे. यावर शिकारीपेक्षा सरस उपाय शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखवला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर परिसरात हेलिकॉप्टरने कळप हाकत, कनातींच्या नरसाळ्यातून आत घेत, आठशेहून अधिक काळविटे आणि काही रोही पकडून संरक्षित जंगलांत सोडण्यात आले. खर्च मोठा आहे आणि प्रत्येक तालुक्याला तो जमणार नाही हे मान्य. पण गेवराई-शिरूर पट्ट्यातल्या कळपांची मोजणी करून अशा एका मोहिमेची मागणी करणे, हे शिकारीच्या परवान्यासाठी मोर्चा काढण्यापेक्षा शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

जखमी जनावरांबाबत तर आजची स्थिती कुणालाच न्याय देणारी नाही. धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, चौसाळा असा जिल्हा उभा कापत जातो. रात्री तो ओलांडणाऱ्या जनावरांना वाहने उडवतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडणारी हरणे, कुत्र्यांनी फाडलेली पाडसे, तारेत पाय अडकलेले मोर हे वेगळेच. अशा जनावराला हात लावणारे दोन प्रकारचे लोक असतात: वाचवू पाहणारे आणि मांसासाठी उचलून नेणारे. ‘मरतच होते, आम्ही फक्त सोडवले’ हा बचाव दोघेही करू शकतात, म्हणून कायद्याने हेतूच्या वादात न शिरता वेळेची अट घातली आहे. जिवंत वा मृत वन्यप्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचे आणि जनावर सुपूर्द करायचे. राज्यात वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. शिरूर कासार तालुक्यातच तागडगावला सर्पराज्ञी हे जखमी वन्यजीवांसाठीचे केंद्र स्वयंसेवी बळावर उभे आहे. तेव्हा जखमी जनावर उचलण्याचा ‘परवाना’ सामान्य माणसाला लागत नाही, लागते ते केवळ ताबडतोब कळवणे. आणि ते जनावर घरी नेऊन पाळण्याचा किंवा कापण्याचा परवाना कुणालाही मिळता कामा नये.

खरी कोंडी पुढची आहे. कणा मोडलेले, वाचण्याची आशा नसलेले काळवीट रस्त्याकडेला तडफडत पडले आहे. त्याला वेदनेतून सोडवणे ही दया आहे, पण पहिल्या अनुसूचीमुळे तो निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षकाचा, म्हणजे नागपूरचा. कलम ५ नुसार हा अधिकारी आपले बहुतेक अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देऊ शकतो. कलम ११ (१) (अ) मधला हा अधिकार मात्र त्याला कुणाकडेही सोपवता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. वाघ-बिबट्याच्या बाबतीत ही अट अत्यंत योग्य आहे, कारण स्थानिक दबावाखाली ठार मारण्याचे आदेश निघू नयेत. पण धोकादायक जनावर आणि मरणासन्न जनावर यांना एकाच मापाने मोजणे हा या कलमाचा दोष आहे. संसदेने इथे एक लहान दुरुस्ती करावी: बरे होण्यापलीकडे जखमी असलेल्या तृणभक्षी प्राण्याबाबत, शासकीय पशुवैद्याच्या लेखी दाखल्यावर, विभागीय वन अधिकाऱ्याला दयामरणाचा निर्णय घेता यावा, आणि त्या दाखल्यासोबत छायाचित्रे आणि शवविच्छेदनाचा अहवाल सक्तीचा असावा. तोवर निदान नागपूरहून तासाभरात लेखी उत्तर देणारी यंत्रणा राज्याने उभी करावी. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या मांडणीतून येतो. संरक्षित क्षेत्रांबाहेर शिकारीवर सरसकट बंदी घालणे अशास्त्रीय आणि ग्रामीण माणसावर अन्याय करणारे आहे; स्वीडन-नॉर्वेसारखे देश नियंत्रित शिकार करूनही वन्यजीव राखतात; निर्णय स्थानिक लोकांच्या हाती द्यावा, असे त्यांनी वारंवार मांडले. निर्णय स्थानिक पातळीवर यावा, हा त्यातला भाग मला पूर्ण पटतो. केरळने मे २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले, आणि तेही प्रचलित कायद्याच्या चौकटीत. पण स्कँडिनेव्हियाचे उदाहरण अर्धे घेऊन चालत नाही. तिथे दरवर्षी जनावरांची मोजदाद होते आणि त्यावरून किती मारायची हे ठरते. शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. आणि मोठ्या जनावराच्या शिकारीच्या वेळी जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध ठेवणे बंधनकारक असते. म्हणजे तिथला परवाना हा कर्तव्यांच्या लांबलचक यादीचा शेवटचा कागद आहे. आपल्याकडे पहिला कागदच, म्हणजे रोही आणि रानडुकरांची तालुकावार गणना, हाताशी नाही. गणना नसताना दिलेला परवाना हा रिकाम्या खात्यावर फाडलेला धनादेश ठरतो.

दुसरा आक्षेप असा की एकेका प्रसंगासाठी परवानगी हा वेळकाढूपणा आहे. केंद्राने कलम ६२ खाली रानडुक्कर आणि रोही यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केले की प्रश्न मिटेल. हा प्रयोग झालेला आहे. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, त्यानंतर उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. त्याच महिन्यात चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याचा उल्लेख करून मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारमधील पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली, आणि राज्यांनी मागितले म्हणून परवानगी दिली असे उत्तर जावडेकरांनी दिले. देशभर वाद पेटला, पण शेतकऱ्याच्या पदरात कायमचे काय पडले? रानडुक्कर एका वितीत अनेक पिल्ले देते. एका हंगामाच्या कत्तलीने झालेली घट त्याच्या पुढच्या विती भरून काढतात. शिवाय उपद्रवी घोषणेने नोंद ठेवण्याचे बंधनच सुटते. कुणी, कुठे, किती मारली आणि त्यामुळे नुकसान घटले का, हे मोजलेच जात नसेल तर पुढच्या वर्षी तोच उपाय पुन्हा मागण्यापलीकडे काही शिकता येत नाही.

तिसरा आक्षेप प्राणिप्रेमींचा. त्यांच्या मते कोणतीही परवानगी ही फटच असते आणि तिच्यातून चोरटी शिकार आत शिरते. भीती निराधार नाही, पण फट बुजवली की शिकार थांबते हा समज बीडच्या अनुभवाला धरून नाही. पूर्ण बंदीच्या काळातच जाळी लागतात, फास लागतात आणि मांस वाळत पडते. वैध मार्ग निरुपयोगी असला की अवैध मार्गाला गावाची मूक संमती मिळते. नुकसान सोसणारा माणूस जाळे लावणाऱ्याची तक्रार कशाला करील? तक्रार करणारे शेतकरी हवे असतील तर त्यांच्या नुकसानीची दखल आधी घेतली पाहिजे. राज्याने वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठीची मदत २५ लाखांवर नेली आहे, हे योग्यच. पिकाच्या भरपाईत मात्र पंचनाम्याची वाट आणि तुटपुंजी रक्कम या जुन्याच तक्रारी आहेत. पीकविमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून धरण्याचा केंद्राचा निर्णय त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ७२ तासांत छायाचित्रासह कळवण्याची त्यातली अट मोबाईल नसलेल्या, रेंज नसलेल्या शिवारात कशी पाळली जाणार, हे कृषी विभागाने आताच ठरवले पाहिजे.

आणखी एका समाजाचा विचार या चर्चेत नेहमी सुटतो. पारधी समाजाचा शिकार हा पिढीजात धंदा होता. तित्तर, लाव्हा, ससा, हरीण यांच्यावर त्यांची चूल चालत असे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, आणि वीस वर्षांत वन्यजीव कायद्याने धंदा काढून घेतला. बदल्यात जमीन किंवा काम देण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही. शिकारीचे परवाने परत आणल्याने या समाजाला काही मिळेल असे मानणे भाबडेपणाचे आहे, कारण परवाना पुन्हा बंदूकवाल्यांनाच मिळणार. त्यांना द्यायचे ते वेगळे आहे. माग काढणे, जनावर न दुखावता जाळ्यात धरणे, पाऊलखुणांवरून कळप ओळखणे ही कौशल्ये काळविटांच्या स्थलांतराला, जखमी जनावराचा शोध घेण्याला आणि गणनेला थेट लागणारी आहेत. वनविभागाच्या तालुका पथकांत ही माणसे पगारावर घेतली तर जे ज्ञान आज गुन्हा ठरते त्याला सन्मानाची नोकरी मिळेल.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक तालुक्यात वनविभागाचे प्रशिक्षित पथक असावे. परवानगी मिळाल्यावर गोळी त्यानेच किंवा त्याच्या देखरेखीखाली नेमलेल्या नेमबाजाने झाडावी, शेतकऱ्यावर बंदूक शोधण्याची वेळ येऊ नये. मानीव परवानगी रद्द करून चोवीस तासांत प्रत्यक्ष पाहणी करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे आणि नकार दिल्यास कारण लेखी द्यावे. पाण्याच्या पाळ्या वाटून घेणाऱ्या गावांना सौरकुंपणही सामुदायिक पद्धतीने उभारता येते. एकेकट्याच्या झटका मशीनने कळप फक्त शेजारच्या रानात ढकलला जातो, तेव्हा अनुदान गावाला द्यावे. जखमी जनावरांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय उपचार केंद्र आणि वन्यप्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य हवा. आज तो भार स्वयंसेवी संस्था पेलत आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ज किती आले, किती मंजूर झाले, कोणती जनावरे मारली, किती जखमी होऊन निसटली, भरपाई किती दिवसांत मिळाली, याचा हिशेब दर तिमाहीला ग्रामसभेपुढे आणि संकेतस्थळावर ठेवावा. असे झाले तर परवाना मागणारा शेतकरी आणि परवान्याला विरोध करणारा प्राणिप्रेमी एकाच नोंदवहीवर बोट ठेवून भांडू शकतील, आणि त्या भांडणातून निदान पुढच्या हंगामाचा निर्णय तरी शहाणा निघेल.